एका कार्यकालाचे मोल
(मुरुड येथील महिला लोकप्रतिनिधींसमोर केलेले भाषण)



कोकणात दंडवते हे नाव उच्चारले की प्रा. मधु दंडवते आणि कोकण रेल्वे यांचे स्मरण होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु आज मी त्यांच्या सहधर्मचारिणी प्रमिलाताई दंडवते यांच्या कार्याविषयी बोलणार आहे.

प्रमिलाताईंचा जन्म १९२८ चा. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत त्या घडल्या. १९६८ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेविका झाल्या. आणीबाणीत पती बंगळूरच्या कारागृहात, तर त्या येरवड्याला, असा वियोग त्यांनी सोसला. १९८० मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून त्या लोकसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत देशभरातून अवघ्या २८ स्त्रिया विजयी झाल्या होत्या.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून अस्तित्वात होता. पण हुंडा सिद्ध करणे दुरापास्त होते. विवाहितांचे बळी जातच होते. प्रमिलाताई विरोधी बाकांवर होत्या, तरीही त्यांनी कायदादुरुस्तीसाठी खाजगी विधेयक मांडले. पुढे हा प्रश्न संसदेच्या संयुक्त समितीपुढे गेला. १९८४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त समाजकल्याण संस्थांना तक्रार करण्याचा अधिकार मिळाला. १९८६ च्या दुरुस्तीने हुंडा घेतला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. हे यश एकट्या प्रमिलाताईंचे नव्हे. रस्त्यावर उतरलेल्या असंख्य स्त्रियांचेही ते आहे. मात्र रस्त्यावरील आक्रोश सभागृहाच्या कामकाजात नोंदविणारे कोणी तरी लागते. ते काम त्यांनी केले.

लोकसभेत त्यांना हा एकच कार्यकाल लाभला. त्यानंतरही महिला दक्षता समितीचे काम आणि संसदेत स्त्रियांना राखीव जागांची मागणी त्यांनी सोडली नाही. २००१ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. तिची अंमलबजावणी मात्र जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे.

भगिनींनो, दिल्लीतील जागांसाठी वाट पाहावी लागली, तरी महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा २०११ पासूनच आपल्यासाठी राखीव आहेत. मुरुडच्या नगरपरिषदेत आणि परिसरातील ग्रामपंचायतींत त्या खुर्चीवर आपण स्वतः बसतो, की आपल्या नावाने घरातील दुसरेच कोणी कारभार पाहते? ग्रामसभेपूर्वी होणारी महिलांची सभा केवळ सह्यांपुरती उरू नये. मासळी बाजारातील गैरसोय असो वा पाण्याची टंचाई, प्रश्न आपल्याच शब्दांत मांडा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाल्याची खात्री करून घ्या.

कार्यकाल पाच वर्षांचा असतो. नोंदविलेला प्रश्न मात्र मागे उरतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!