प्रती ठेवाव्यात, पण मोजून

पैठणचे जायकवाडी धरण भरत आले की आपल्या भागात सगळ्यांची नजर त्याच्या २७ दरवाजांकडे लागते. पाणी काठोकाठ येईपर्यंत तिथे कोणी थांबत नाही. नाशिककडून किती पाणी येते आहे ते बघून आधीच थोडे थोडे सोडतात. शाळेच्या किंवा कचेरीच्या संगणकावर रोज रात्री आपोआप निघणाऱ्या बॅकअपच्या प्रती, हाही एक साठाच. त्याला दरवाजे ठेवायचे मात्र आपण विसरतो.

एका महाविद्यालयात मी हे अनुभवले. सर्व्हरवर रोज रात्री सगळ्या नोंदींची प्रत निघे, म्हणून आम्ही निर्धास्त. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या ऐन गर्दीत संगणक नवा अर्ज घेईना. डिस्क प्रतींनीच भरून गेली होती. शेवटच्या काही रात्रींच्या प्रती उघडल्या, तर त्या अर्धवट! जागाच नाही, तर लिहिणार कुठे?

हिशेब साधा आहे. एक प्रत २ जीबीची धरली, तर ५०० जीबीची डिस्क २५० दिवसांत भरते. त्याऐवजी ७ दिवसांच्या ७, ४ आठवड्यांच्या ४ आणि १२ महिन्यांच्या १२ प्रती ठेवा. झाल्या २३, जागा लागली ४६ जीबी.

जुन्या प्रती पुसण्याचे कामही संगणकालाच सांगावे. पण ‘महिन्याहून जुने ते पूस’ एवढेच सांगू नका. समजा, बिघाडामुळे नवी प्रत निघणे बंद पडले आणि कुणाच्या ध्यानात आले नाही. संगणक बिचारा इमानाने रोज एक जुनी प्रत पुसत राहील आणि महिन्याने हाती काहीच उरणार नाही. म्हणून नवी प्रत पूर्ण निघाल्याची खात्री झाल्यावरच जुनी पुसावी.

प्रती मूळ नोंदींच्या डिस्कवर ठेवू नका. एक तरी प्रत दुसऱ्या इमारतीत असू द्या. डिस्क ८० टक्के भरली की सूचना मिळेल अशी सोय करा. आणि महिन्यातून एकदा एखादी प्रत उघडून तिच्यातली नोंद नीट परत मिळते का, ते स्वतः बघा.

वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला मागायला दारात उभा राहील. आपण किती प्रती काढल्या होत्या, हे तो विचारणार नाही. त्याला त्याची नोंद हवी असेल. ती सापडली पाहिजे.