मेडचलच्या पुढचे हैदराबाद

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



कार्यवाह म्हणाले, "यंदा काहीतरी कामाचे बोला." म्हणून विषय घेतला आहे, सणाच्या सुटीत हैदराबादेत फिरावे कसे.

१९५६ पर्यंत नांदेड, औरंगाबाद आणि आपले आदिलाबाद या सगळ्यांची राजधानी हैदराबादच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला किनवट आणि राजुरा तालुके तिकडे गेले, मुधोळ-भैंसा इकडे आले. सोयरे मात्र जिथल्या तिथे राहिले. त्यामुळे आजही गणपतीत किनवटची नणंद आपल्याकडे येते आणि शनिवारी सगळे मिळून खैरताबादच्या गणपतीला निघतात.

अंतर सुमारे ३०० किलोमीटर. निर्मल, आर्मूर, कामारेड्डी, मेडचल. इथपर्यंत गप्पा मारत जाता येते. खरी कसोटी मेडचलच्या पुढे. सुटीच्या दिवशी शहरात गाडी नेली की निम्मा दिवस रस्त्यात आणि उरलेला गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. मुलगा-सून माधापूर, गच्चीबावलीकडे राहतात. ट्रॅफिक पाहून ते म्हणतात, "आई-बाबा, आज घरीच बसा." मग तीन दिवसांसाठी गेलेले आजी-आजोबा दहाव्या मजल्यावरून शहर पाहून परत येतात. पुढच्या वर्षी तेच म्हणतात, "आम्ही कशाला? तुम्हीच जाऊन या." असे करत जाणे-येणे तुटते. मला काळजी आहे ती याची.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. कृष्णा एक्सप्रेस किनवट, मुदखेड, बासर असा वळसा घेऊन जाते, म्हणून बहुतेक जण बसनेच जातात. बस जेबीएसला थांबली की तिथेच उतरावे. एक गोष्ट ध्यानात असू द्या. महालक्ष्मी योजनेतला मोफत प्रवास डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे, पण तो तेलंगणात राहणाऱ्या स्त्रियांसाठी आणि पल्लेवेलुगू व एक्सप्रेस गाड्यांतच. शहरातल्या ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्सप्रेस बसलाही तो चालतो. सुपर लक्झरीत तिकीट पडते. आधार कार्ड जवळ ठेवा. वहिनीला शून्य तिकीट आणि किनवटच्या नणंदेला पूर्ण, यावरून बसमध्ये रुसवा नको!

जेबीएसला लागूनच मेट्रो आहे. शहरात मेट्रो २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. जेबीएस ते एमजीबीएस हा हिरवा मार्ग २०२० च्या फेब्रुवारीत आला आणि आपल्यासारख्यांची मोठी सोय झाली. तीन रंग लक्षात ठेवले की पुरे. जेबीएसशेजारच्या परेड ग्राउंडवरून निळी गाडी थेट हायटेक सिटी, रायदुर्गपर्यंत जाते. म्हणजे मुलाने घ्यायला यायचे ते त्याच्या घराजवळच्या स्टेशनावर, जेबीएसला नव्हे.

खैरताबादला जायचे तर याच निळ्या गाडीने अमीरपेट गाठा आणि तिथे लाल गाडीत बसा. एल. बी. नगरकडे जाणारी. पुंजागुट्टा, इर्रम मंझिल आणि तिसरे खैरताबाद. १९५४ मध्ये सिंगरी शंकरय्या यांनी तिथे एक फुटाची मूर्ती बसवली. २०२४ मध्ये सत्तराव्या वर्षी ती ७० फुटांची झाली. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे मुंगी शिरायला जागा नसते. ज्येष्ठांना आणि लेकरांना घेऊन सकाळी लवकर जावे. लेकरांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, हे गर्दीत शिरण्याआधी ठरवावे.

दर्शन झाले की त्याच लाल गाडीने उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला उतरा. ही आपली कोठी. जवळच जांबागमध्ये विवेकवर्धिनी आहे, केशवराव कोरटकरांसारख्यांनी १९०७ मध्ये उभी केलेली. निजामाच्या राज्यात मराठी शिक्षण कोणत्या जिद्दीने टिकवले, ते नातवंडांना त्या इमारतीसमोर उभे राहून सांगा. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण सुटीत ते उघडे आहे का, आधी विचारून घ्या. परतीला सुलतान बाजार स्टेशनवरून हिरवी गाडी धरली की थेट जेबीएस. गाडी कुठेच काढावी लागत नाही.

विसर्जनाचा दिवस मात्र वेगळा. बाळापूरची मिरवणूक चारमिनार, मोअज्जम जाही मार्केटवरून हुसेन सागराकडे जाते आणि ते रस्ते बंद असतात. ऑटो, बस काही मिळत नाही. मेट्रो उशिरापर्यंत चालते, पण स्टेशनावर रेटारेटी असते. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या दिवशी टीव्हीवर पाहिलेले बरे.

भाषेची भीती बाळगू नका. मेट्रोत तेलुगू आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही घोषणा होते, आणि स्टेशनांवर लिफ्ट आहे. तरुणांना एवढेच सांगेन, आई-वडिलांना गाडीतून फिरवायला वेळ नसेल तर हरकत नाही. एकदा, एकच दिवस, त्यांच्याबरोबर मेट्रोने जा आणि कुठे बदलायचे ते दाखवा. दुसऱ्या दिवशी ते आपले आपण जातील, आणि पुढच्या वर्षी "आम्ही कशाला?" असे म्हणणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!