मे महिन्यातील रक्तदान
(टोकावडे येथील राष्ट्रीय सेवा योजना शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. रिकाम्या गोण्यांत माती भरून तुम्ही ओढ्यावर घातलेला वनराई बंधारा सकाळी पाहिला; समाधान वाटले. माझे मागणे मात्र निराळे आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साठ्याचा हिशेब ठेवणे हेच माझे काम. साठवलेले रक्त साधारणतः ३५ दिवस टिकते. हिवाळ्यात महाविद्यालयांची रक्तदान शिबिरे एकापाठोपाठ होतात, तेव्हा पिशव्या मुबलक. मे महिन्यात परीक्षा आटोपून तुम्ही गावी गेलेले असता आणि रक्तपेढ्यांत टंचाई असते. अशाच एका मे महिन्यात प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेल्या एका भगिनीसाठी तिच्या पतीस रात्री मुरबाडमार्गे कल्याणला धाडावे लागले. पिशवी मिळाली, ती वाचली. परंतु तो परतेपर्यंतचे चार तास मी अद्याप विसरलेलो नाही.

म्हणून विनंती अशी, की १८ वर्षे पूर्ण झालेल्या सुदृढ विद्यार्थ्यांनी आपले नाव, रक्तगट व दूरध्वनी क्रमांक आमच्या नोंदवहीत लिहावा. दोन रक्तदानांत पुरुषांनी तीन, स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावयाचे असते. जानेवारीच्या प्रारंभी रक्त दिलेल्यांना मे महिन्यात पुन्हा देता येईल. नोंदवही व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे.