विणकराचा वारसा आणि शिकणारे यंत्र
(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटातच सकाळ उजाडणारी कितीतरी कुटुंबे आपल्या समाजात आहेत. "मागावर बसायचे, तर गणित कशाला?" असा प्रश्न अजूनही कानावर येतो. त्याचे उत्तर मी आज मागाकडूनच घेणार आहे.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. जिथे भोक, तिथे ताण्याचा धागा वर उचलला जाई. जिथे भोक नाही, तिथे तो खालीच राही. 'आहे' आणि 'नाही' या दोन खुणांत सारी वेलबुट्टी बसली! पुठ्ठ्यांची हीच कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे संगणकाच्या वंशावळीत विणकरही आहे.

आता तर यंत्र नमुने शिकू लागले आहे. अझरबैजानचे कलावंत ओरखान मम्मादोव यांनी जुन्या नक्षींच्या प्रतिमा संगणकाला दिल्या आणि त्यांतून नव्या नक्षी घडवल्या. २०१९ च्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आपल्या देशातर्फे त्यांचा सहभाग होता. त्याच देशाचे फैग अहमद संगणकावर गालिच्याची नक्षी विस्कटतात, वितळवतात. मात्र तो गालिचा शेवटी विणकरांचे हातच विणतात.

पण यंत्र शिकले कोणाकडून? असंख्य जुन्या नमुन्यांतील रेषा, रंग आणि त्यांची पुनरावृत्ती यांचा हिशेब मांडूनच ते नवा नमुना काढते. ते जुने नमुने विणणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूचे हातमाग आता मोजकेच उरले आहेत. त्यांचे जाणकार गेले, की विचारायचे कोणाला?

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले नमुने वहीत उतरवा. नमुन्याचे नाव, रंग, धाग्यांची संख्या आणि विणणाऱ्याचे नावही लिहा. पालकहो, मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर शिक्षण तोडू नका. ज्याला नमुना आणि गणित दोन्ही कळेल, तो यंत्राला काम सांगेल. एरवी यंत्राने काढलेला नमुना दुसऱ्याने ठरवलेल्या मजुरीवर विणत बसण्याची पाळी आपल्यावर येईल.

आजोबांच्या हातातील कसब आणि नातवंडांच्या हातातील पुस्तक यांची गाठ घालणे, हे काम आपले आहे.