एक भाकर, एक प्याला

सदाशिव पेठेंतील जुन्या घरांस पंगतीचा अर्थ कोणी शिकवावा लागला नाहीं. कोणाच्या शेजारीं पान मांडावें आणि कोणाच्या हातचें पाणी घ्यावें, यावर एके काळीं माणसाचा सारा लौकिक अवलंबून असे. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, बळवंतराव टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला तसाच बाजूस ठेवला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापून आणविलीं आणि शहरांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं तें घेतलें.

तो चहा म्हणजे कांहीं धर्मविधि नव्हता. तरीहि रूढिप्रिय पुण्यास एक गोष्ट अचूक उमगली होती, कीं एकत्र खाणेंपिणें म्हणजे एकमेकांस आपलें म्हणणें होय. ख्रिस्ती लोकांच्या प्रभुभोजनाचें मर्म याहून फार दूर नाहीं.

त्याचें मूळ यहुदी लोकांच्या वल्हांडण सणांत आहे. मिसर देशांतील दास्यांतून सुटका झाली त्या रात्रीं कणीक आंबण्यासहि वेळ नव्हता. म्हणून दरवर्षीं बेखमीर भाकर खावयाची आणि मुलांस ती सुटका सांगावयाची. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणें येशूचें शिष्यांबरोबरचें शेवटचें जेवण हेंच होतें. त्यानें भाकर मोडून ती आपलें शरीर म्हणून दिली, आणि प्याला आपल्या रक्तांतील नवा करार म्हणून. योहानाच्या शुभवर्तमानांत मात्र त्या रात्रीं भाकरीचा विधि नाहींच. तेथें गुरु शिष्यांचे पाय धुतो.

या विधीची सर्वांत जुनी लेखी हकीकत शुभवर्तमानांत नसून पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, अकराव्या अध्यायांत आहे. ती लिहिण्याचें निमित्तहि पंक्तिभेदाचें! एकत्र जमल्यावर सुखवस्तु मंडळी आपलें अन्न आधींच खाऊन घेत. कोणी मद्यानें धुंद होई, कोणी उपाशी राही. हें प्रभूचें भोजन नव्हेच, असें पौल त्यांस बजावतो. अयोग्य रीतीनें भाकर खाण्याचा जो दोष तो सांगतो, त्याचा शब्द पुढील काळांत खासगी पापांस लावला गेला. मूळ प्रसंगीं मात्र तो उपाशी भावाकडे पाठ फिरविणाऱ्यांस लागू होता.

भाकर खरोखर शरीर होते कीं तें केवळ स्मरण, यावर १५२९ सालीं मारबुर्ग येथें ल्यूथर व झ्विंग्ली यांचें जमलें नाहीं. महाराष्ट्रांत तेढ निराळी होती. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी कांहीं काळ त्यांचा स्वैपाक निराळाच होत असे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, याचा मनाशीं उलगडा होतांच त्यांनीं तें सोवळें सोडलें, असें ‘स्मृतिचित्रें’ सांगतात. बाप्तिस्मा त्यांनीं मागाहून, १९०० सालीं घेतला.