टॉवर लांब, मोबाईल कानाशी
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



निपाणीहून कागलकडे निघालो आणि कोगनोळीच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला, की आपला मोबाईल कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो. सीमाप्रश्न त्याच्यापुरता मिनिटात सुटतो! पूर्वी मात्र त्याचेही रोमिंगचे पैसे कापले जात.

गल्लीत टॉवर उभा राहिला की आपण निवेदन घेऊन धावतो. विचारायचा हक्क आहेच, पण आकडे हाती असावेत. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती; भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर, ०.४५ वर आणली. शिवाय अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण चौथाईवर येते.

कानाला लावलेल्या मोबाईलला अंतरच नसते. म्हणून त्याची मर्यादा वेगळी: शरीरात शोषली जाणारी ऊर्जा दर किलोला १.६ वॅट. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले की बहुतेक मोबाईल आपला आकडा दाखवतात. आणि रेंज कमी असली की मोबाईल जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर हटवला, तर कानाशी लहरी वाढायच्या! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात ठेवले. सिद्ध झाले असे म्हटलेले नाही. तरी एकच काडी दिसत असताना लांबलचक बोलणे टाळावे, नाहीतर इअरफोन लावावा.

२०१७ साली सुरू झालेल्या सरकारच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर शुल्क भरून टॉवरची मोजणी मागता येते. मंडळाने वर्गणीतून ती एकदा करून घ्यावी, असे आम्ही सुचवतो. निवेदनाचे मग आकडा बघून ठरवू.