गर्भिणीचे ताट

१९२८ साली डॉ. लूसी विल्स ह्या चाळिशीच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या, त्या एका दुखण्याचा छडा लावण्यासाठी. हिंदुस्थानातील मातामृत्यूंची चौकशी त्या काळी ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’च्या वतीने चालू होती. आजच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हे पूर्वरूप. डॉ. मार्गारेट बॅल्फर ह्यांच्या विनंतीवरून विल्सबाईंनी त्या चौकशीतील एक भाग अंगावर घेतला. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांचा चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, जीभ सोलवटून निघे, चार पायऱ्या चढताच दम लागे. आणि त्यांतल्या कित्येकींच्या अंगी प्रसूतीचा ताण सोसण्याइतके बळच उरत नसे. त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने फुगलेल्या दिसत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या नेहमीच्या पांडुरोगात पेशी लहान होतात. येथे त्या मोठ्या होत होत्या. लोह देऊन गुण येण्यासारखे हे दुखणे नव्हते.

विल्सबाईंची प्रयोगशाळा परळला, हाफकिन संस्थेत होती. संस्थेच्या आवाराबाहेर चहूंकडे गिरण्यांची धुराडी आणि त्यांच्या पायथ्याशी चाळी. ह्या चाळींतील जन्ममृत्यूंचा हिशेब आधीच भयंकर होता. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत अर्भकांचा मृत्युदर दर हजारी आठशेच्या वर नोंदला गेला. चार वा अधिक खोल्यांच्या बिऱ्हाडांत तोच आकडा ह्याच्या पंचमांशाहूनही कमी होता. पहिल्या आकड्यात थोडी खोट आहे, हे येथे सांगितले पाहिजे. कामकरी बायका बाळंतपणाला कोकणात वा घाटावर आपल्या गावी जात, तेव्हा जन्माची नोंद तिकडे होई. मूल कडेवर घेऊन त्या परत येत आणि ते दगावले म्हणजे मृत्यूची नोंद मुंबईत होई. परंतु ही खोट वजा केली तरी एका खोलीच्या आणि चार खोल्यांच्या बिऱ्हाडांतील अंतर काही बुजत नाही. सरकारच्या वतीने १९२२ च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स ह्यांना असे आढळले, की बहुसंख्य आया कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देतात. आईचा जीव निष्ठुर होता म्हणून नव्हे. दहा तास मूल निजून राहिले नाही, तर त्याच्यापाशी बसावयास घरात कोणी नव्हते.

अशा वस्तीत विल्सबाईंनी आपला शोध केवळ रुग्णालयाच्या खाटेपाशी थांबू दिला नाही. एस. एन. तळपदे ह्यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, किती खाते, कोणत्या हवेत राहते, हे सारे टिपले. रक्ताच्या विकाराचा उगम शोधण्यासाठी स्वयंपाकघराची झडती घ्यावी, ही कल्पना त्या काळी सर्वांनाच सुचण्यासारखी नव्हती. साथीच्या रोगांत यश मिळविलेल्या वैद्यकाला प्रत्येक दुखण्यामागे एखादा जंतू असावा असे वाटे, आणि विल्सबाईंनी तोही शोधून पाहिला. तो सापडला नाही. सापडली ती एक साधी संगती : ज्या वर्गाचे अन्न सर्वांत निकृष्ट, त्याच वर्गातील गर्भिणींना हे दुखणे सर्वांत अधिक. गरीब मुसलमान स्त्रिया ह्या दोन्ही बाबतींत सर्वांच्या पुढे होत्या. सुखवस्तू घरांतील स्त्रिया, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, ह्या दुखण्यापासून बहुतांशी दूर होत्या. तेव्हा भेद धर्माचा नव्हता, ताटाचा होता.

पुढचा भाग प्रयोगशाळेतला आहे. मुंबईच्या गरीब बायकांचे अन्न पांढऱ्या उंदरांना खाऊ घातले. उंदरांच्या माद्या निस्तेज होऊन मेल्या. अन्नात यीस्ट मिसळले तर त्या तगत. ह्या उंदरांच्या अंगावरील उवांनी एक रोग पसरविला होता आणि त्यामुळे निष्कर्षात घोटाळा झाला होता, असे मागाहून ध्यानात आले. चुकीच्या वाटेने जाऊन योग्य गावी पोहोचल्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात थोडी नाहीत. त्यांत हे एक घालावे. मग माकडांवर प्रयोग झाले. काही काळ विल्सबाईंनी कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन ह्यांच्या आहार-संशोधनशाळेतही काम केले. (हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली आणि पुढे ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ झाली.) माकडांना यीस्टचा अर्क लागू पडला, तसा तो स्त्रियांनाही लागू पडेल काय, एवढाच प्रश्न उरला. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून इंग्लंडात ‘मार्माइट’ नावाचा एक काळा, खारट, पावाला लावून खाण्याचा चिकट पदार्थ करीत. तो स्वस्त होता. तोच मुंबईच्या आणि मद्रासच्या रुग्ण स्त्रियांना दिला. चार-पाच दिवसांत त्यांना भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. हा वृत्तान्त १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

मद्रासचे काम ज्या रुग्णालयात झाले त्याचे त्या वेळचे नाव होते ‘कास्ट अँड गोशा हॉस्पिटल’, म्हणजे उच्चवर्णीय आणि पडदानशीन स्त्रियांचे रुग्णालय. १८८५ मध्ये ते निघाले ते एका सदिच्छेने : पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या स्त्रियांना उपचार मिळावेत. परंतु बाळंतपणाच्या खाटेपर्यंत जात आणि पडदा किती खोल पोहोचले होते, ह्याची साक्ष पाटीवरची ही दोन अक्षरेच देत होती.

यीस्टमधील तो गुणकारी पदार्थ कोणता, हे ठाऊक नव्हते. लोक त्याला ‘विल्स-घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढण्यात आले आणि पानाला लॅटिनमध्ये असलेल्या शब्दावरून त्याला ‘फोलिक ॲसिड’ असे नाव मिळाले. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने बनविले गेले. त्या शास्त्रज्ञांचे प्रमुख होते भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. रक्त क्षीण करणाऱ्या संग्रहणीसारख्या एका रोगाने सुब्बारावांचे दोन भाऊ तरुणपणीच नेले होते. त्याच जातीच्या रोगावरचे औषध त्यांच्या हातून तयार व्हावे हा योग विलक्षण म्हणावा लागेल. ह्या द्रव्याचे कार्य आता पुरते उमगले आहे. पेशी दुभंगून दोन होताना तिच्या केंद्रातील द्रव्याची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, ती फोलेटवाचून होत नाही. मग पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. गर्भारपणी आईच्या उदरात पेशींच्या विभाजनाची अखंड धांदल चालू असते, त्यामुळे तिची गरज वाढते. आणि नेमक्या त्याच वेळी ताटात पालेभाजी वा डाळ नसेल, तर घरात जे थोडके आहे ते आधी गर्भ घेतो.

विल्सबाई मुंबईस आल्या त्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून ह्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. तथापि स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यालाही ह्या ओझ्यातून सुटता येणार नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. १९२९ मध्ये कायदा झाला. प्रयोगशाळेत आणि सभागृहात, एकाच शहरात, एकाच स्त्रीचा विचार दोन बाजूंनी चालला होता. कायद्याने भत्ता मिळाला खरा. पण पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांतील बदल हीही त्याची कारणे होती, सगळा दोष भत्त्याच्या माथी मारता येत नाही. मात्र गिरणीतून निघालेली बाई जेथे गेली, त्या घरकामाला, मोलमजुरीला आणि शेतीला त्या कायद्याचा हात पोहोचत नव्हता.

आज फोलिक आम्ल आणि लोह एकाच गोळीत मिळते, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. १९७० पासून ह्या गोळ्यांची राष्ट्रीय योजना चालू आहे. गरोदरपणी १८० दिवस रोज एक आणि प्रसूतीनंतर तितकेच दिवस, असा अलीकडचा दंडक आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्यापूर्वीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५०.४ टक्के होते. गरोदरपणी १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता जेमतेम २६ टक्के. कोठे साठा संपतो, कोठे मळमळ आणि बद्धकोष्ठ होऊन गोळी सोडली जाते, कोठे ‘गोळीने मूल काळे होते’ ही समजूत आड येते. ही कारणे खरीच आहेत. परंतु त्याच पाहणीत आणखी एक जोडी आहे, ती अधिक विचार करावयास लावणारी आहे : १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षय ५७ टक्के, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. मासिक रक्तस्राव हे ह्या अंतराचे एक कारण होय. पण ते एकटे पुरेसे नाही. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात एवढा फरक पडावा, तर ते अन्न दोघांच्या ताटात सारखे पडत नसले पाहिजे.

आणि ते पडत नाही, हे कोणत्याही मराठी घराला नव्याने सांगावे लागत नाही. आधी पुरुषांची पंगत, मग मुले, मग सासू, शेवटी सुना. आणि सुनांतही धाकटी सर्वांत शेवटी. तोवर पातेल्याच्या बुडाशी रस्सा उरलेला असतो, फोडी नसतात. एकत्र कुटुंबांतील धाकट्या जावेची मुले थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीने खुजी भरतात, असे ग्रामीण भारतातील आकडेवारीवरून संशोधकांनी दाखविले आहे; घर एक, विहीर एक, शेत एक, फरक फक्त घरातल्या पायरीचा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवितात, पंचपक्वान्ने होतात. तो एक दिवस झाला. उरलेल्या दिवसांत ‘फार खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडते’ हा उपदेश. गर्भिणीला भाजक्या मातीचे, राखेचे, पाटीवरच्या पेन्सिलीचे डोहाळे लागतात, त्यांचे घरोघर कौतुक होते. वैद्यकाने मात्र अशा खाण्याचा लोहाच्या कमतरतेशी निकटचा संबंध असल्याचे नोंदले आहे. हसण्यावारी नेलेले ते मागणे कित्येकदा रक्ताचेच असते.

घराघरांतील हे अंतर प्रांताप्रांतांत आणखी रुंदावते. २०१८–२० ह्या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू केरळात १९, महाराष्ट्रात ३३, तेलंगणात ४३, गुजरातेत ५७, कर्नाटकात ६९ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. महाराष्ट्राची सरासरी पाहून समाधान मानणाऱ्याने नंदुरबारचे आणि मेळघाटाचे डोंगरही त्याच सरासरीत बुडाले आहेत, एवढे आठवावे.

ताटाच्या ह्या अडचणीवर अलीकडे एक सरळ उपाय निघाला आहे. घरी शिधा दिला तर तो सर्वांच्या हांडीत जातो. म्हणून गर्भिणीने अंगणवाडीतच येऊन जेवावे. तेलंगणात २०१५ पासून ‘आरोग्य लक्ष्मी’ योजनेत तिला एक वेळचे पूर्ण जेवण, अंडे आणि दूध मिळते व गोळीही तेथेच घ्यावयाची असते. कर्नाटकाने २०१७ मध्ये ‘मातृपूर्णा’ सुरू केली. महाराष्ट्रात आदिवासी भागांपुरती ‘अमृत आहार’ योजना आहे. नवव्या महिन्यात उन्हातून अंगणवाडी गाठणे सर्वांनाच साधत नाही, आणि ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडावयाचा नाही ही रीत तर कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. परंतु जी येते तिच्या घासाला वाटेकरी नसतो.

जी गावातच नसते तिची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि तो उचलीत धरला जातो. सहाव्या-सातव्या महिन्यातील बाई पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते आणि रात्री कोपीत परतून भाकरी थापते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भिणीला मोफत आहार आणि किमान ६,००० रुपये देऊ केले आहेत. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ती रक्कम पहिल्या अपत्यापुरती ५,००० वर आणली, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच तिच्यासाठी पुन्हा मदत दिली जाते. हे पैसे मिळण्यासाठी वेळेवर नोंदणी, तपासणीचे शिक्के आणि बँकेचे खाते लागते. टोळीतील बाईची नोंद बहुधा गावी झालेली असते. तेथील अंगणवाडीच्या पटावर तिचे नाव असते, आणि पाडव्याच्या आसपास टोळी परत येते तेव्हा बहुतेक वेळा तिचे मूल कडेवर असते.